काय गेलं, कधी गेलं

आधी धीराची गोष्ट सांगते, कारण घाबरलेल्या माणसाच्या कानात पुढचं काही शिरत नाही. चुकून गिळलेल्या शंभर वस्तूंपैकी ८० ते ९० आपापल्या वाटेने शीतून बाहेर पडतात. १० ते २० दुर्बिणीने काढाव्या लागतात. पोट उघडायची पाळी शंभरात एकावरसुद्धा येत नाही. माझी सगळी नोकरी सर्जरी वॉर्डात गेली, आणि माझ्या वाट्याला यायचे ते हेच शेवटचे. त्यांच्याकडे पाहून एक गोष्ट मनात पक्की बसली: गिळलेल्या वस्तूने आतड्याचं जेवढं नुकसान केलं, त्याहून जास्त ते गप्प बसण्याने झालं. पोराने माराच्या भीतीने सांगितलं नाही. आजोबांना लाज वाटली. आईने आधी केळी खाऊ घातली आणि दोन दिवस वाट पाहिली. काही जणांना तर आपण काही गिळलंय हे ठाऊकच नव्हतं.

तुझ्या घरात आता रांगतं बाळ आहे आणि कवळी लावणारे सासरे आहेत. गिळण्याचे अपघात याच दोन वयांत जास्त होतात. म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवते, पोरी. नवऱ्यालाही वाचायला दे, आणि बाळाला सांभाळणाऱ्या मावशींना बसवून वाचून दाखव.

पोटातली वाट सगळीकडे सारखी रुंद नसते, हे आधी समजून घे. अन्ननलिका तीन ठिकाणी आवळलेली असते: वर गळ्याशी, छातीत महाधमनीपाशी आणि खाली जठराच्या तोंडाशी. वस्तू एकदा जठरात उतरली की निम्मी काळजी मिटते. जठरातून पुढे जायचं दार मोठ्या माणसातही साधारण अडीच सेंटीमीटरपेक्षा जाड वस्तू सोडत नाही, आणि त्यापुढे लहान आतड्याचं पहिलं वळण आहे तिथे पाच-सहा सेंटीमीटरपेक्षा लांब वस्तू वळत नाही. तेही पार झालं तर शेवटची अवघड जागा उजव्या कुशीत खाली, लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथली झडप. टाचणी, काटा, टूथपिक यांना रुतायला ही जागा फार सापडते. अपेंडिक्सही तिथेच शेजारी. म्हणून अपेंडिक्स म्हणून टेबलावर घेतलेल्या माणसाच्या पोटात माशाचा काटा निघतो, असंही घडतं.

हे दुखणं आजकालचं नाही. सुश्रुतसंहितेत उदररोग सांगताना दोन वेगळे प्रकार दिलेत. एकात अन्नाबरोबर गेलेले केस आणि खडे आतड्याची वाट बुजवतात, दुसऱ्यात अन्नातून गेलेलं शल्य आतडं फोडतं. अडथळा आणि छिद्र, आजही सर्जन याच दोन गोष्टी शोधत असतो. त्या ग्रंथात फाटलेल्या आतड्याच्या कडा जुळवून त्यांना काळ्या मुंग्या चाववायच्या आणि त्यांची धडं तोडून टाकायची, असा उपाय आहे. टाक्यांचं काम मुंग्यांच्या जबड्यांकडून! मी नव्या मुलींना ड्यूटी शिकवायचे तेव्हा हे मुद्दाम सांगायचे. ज्यांच्याकडे एक्स-रे नव्हता, भूल नव्हती, त्यांनीसुद्धा पोट उघडून इतका विचार केला होता.

आता घरातलं. मुलाने काही गिळलं असं वाटलं की आपल्याकडे पहिला शब्द निघतो, ‘मेल्या, काय खाल्लंस!’ माहिती तिथेच बंद होते. तू आवाज चढवू नकोस. खाली बस, मुलाला जवळ घे आणि दोनच गोष्टी विचार: काय गेलं आणि कधी गेलं. बोलता न येणारं मूल असेल तर त्याच्या आजूबाजूची जमीन बघ. खेळण्याचं झाकण निघालंय का, रिमोटमधला सेल आहे का, माळेतले मणी किती उरलेत. गिळलेल्या वस्तूची जोडी घरात असेल तर ती बरोबर घे. कानातलं गेलं असेल तर दुसरं कानातलं, खेळण्याचा तुकडा गेला असेल तर उरलेलं खेळणं, सेल गेला असेल तर रिमोट आणि सेलचं पाकीट. डॉक्टरांना त्या एका नमुन्यातून जे कळतं ते तुझ्या दहा वाक्यांतून कळणार नाही.

मूल एकदम खोकायला लागलं, श्वास अडकला, ओठ निळे पडले, तर वस्तू श्वासनलिकेत आहे. ते वेगळं संकट आणि तिथे मिनिटांचा हिशोब. वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली करून पाठीत पाच थापा आणि मग उताणं करून छातीवर पाच दाब. मोठ्याला पाठीमागून कवेत घेऊन बेंबीच्या वर आत-वर झटके. हे जवळच्या प्रथमोपचार वर्गात जाऊन हाताने शिकून घे, वाचून येत नाही. १०८ ला फोन दुसऱ्याने करायचा, तू मुलापाशी राहायचं.

मूल शांतपणे श्वास घेतंय, पण लाळ गळतेय, घास नको म्हणतंय, छातीवर हात ठेवतंय, तर वस्तू अन्ननलिकेत अडली असेल. आणि काहीच लक्षण नसेल तरीही वस्तू आत असू शकते. म्हणून ‘खेळतंय की मजेत’ यावर विसंबू नकोस. एक्स-रे काढायचा तो गळ्यापासून गुदद्वारापर्यंत. नुसत्या पोटाचा फोटो काढला आणि वस्तू गळ्यातच राहिली, तर ‘काही नाही’ असा कागद हातात घेऊन घरी यायची वेळ येते.

नाणं बहुतेक वेळा निघून जातं. अन्ननलिकेत थांबलं असेल तर दिवसभरात दुर्बिणीने काढतात, जठरात गेलं असेल तर तीन-चार आठवडेसुद्धा वाट पाहतात. पण एक ध्यानात ठेव. २०१९ नंतरचं एक रुपयाचं नाणं २० मिलीमीटर व्यासाचं आहे, आणि रिमोट, वजनकाटा, गाडीची चावी यांत असतो तो सीआर २०३२ सेलही २० मिलीमीटरचाच. नंबरातले पहिले दोन आकडे व्यासाचे, पुढचे दोन जाडीचे, ३.२ मिलीमीटर. मूल म्हणालं ‘पैसा गिळला’, तरी ते नाणंच आहे असं धरून चालू नकोस. एक्स-रेत दोन्ही गोल दिसतात, फक्त सेलच्या कडेला दुहेरी कडं दिसतं. डॉक्टरांना सरळ विचार, ‘हा सेल नाही ना?’ विचारल्याने कोणी लहान होत नाही.

या सेलबद्दल मला फार कळकळ आहे. लोकांना वाटतं, सेल फुटेल, आतलं रसायन गळेल आणि मग त्रास होईल. तोवर वेळ आहे. तसं नाही. अन्ननलिकेच्या ओल्या अस्तराला सेल टेकला की त्यातून वीज वाहते आणि त्याच्या ऋण बाजूला कॉस्टिक सोड्याच्या जातीचं तीव्र क्षार तयार होतं. दोन तासांत अस्तर खोलवर भाजतं. घड्याळ चालवायची ताकद संपलेला, आपण ‘गेलेला’ म्हणून खिडकीत ठेवलेला सेलही भाजू शकतो. काढून टाकल्यानंतरही जखम काही दिवस खोल जात राहते, श्वासनलिकेला भोक पडतं, महाधमनीपर्यंत पोचते. म्हणून सेल गिळल्याची शंका आली की थांबणं नाही, सकाळची वाट नाही. दुर्बीण घालण्याची सोय आहे त्या हॉस्पिटलात थेट जायचं.

वाटेत एक करता येतं. मूल एक वर्षाच्या वरचं असेल, गिळू शकत असेल आणि सेल जाऊन बारा तास झाले नसतील, तर दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यायचा, फार तर सहा वेळा. मध सेलभोवती थर धरतो आणि भाजणं थोडं मंदावतं. डॉक्टरांनी मान्य केलेला हा उपाय आहे, पण तो गाडीत बसून करायचा, मध शोधत घरात फिरून नव्हे. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध अजिबात नाही, सेलसाठी नाही आणि एरवीही नाही. तुझ्या सासरी बारशाला सोनं उगाळून मधात चाटवायची पद्धत आहे, ते ठाऊक आहे मला. मधातून लहान बाळांना बोटुलिझम नावाची विषबाधा होते. तिथे तू हट्टाने नाही म्हण. माझं नाव सांग.

अमेरिकेत २०२२ साली याच सेलसाठी कायदा झाला. सेलचा खण मुलांना सहज उघडता येऊ नये, अशी त्यात अट आहे. आपल्या घरातल्या वस्तूंना ती अट लागू असेलच असं नाही, तेव्हा स्क्रू नसलेला प्रत्येक खण चिकटपट्टीने घट्ट बंद कर. गाणी म्हणणारी शुभेच्छापत्रं, दिवे लागणाऱ्या राख्या, चमकणाऱ्या चपला, प्लास्टिकच्या मेणबत्त्या, सगळ्यांत हे सेल असतात. राखीपौर्णिमेनंतर त्या राख्या देवघराच्या खुंटीला लटकत राहतात आणि बाळ उभं राहायला लागलं की ती खुंटी त्याच्या हाताच्या उंचीवर येते.

आतड्याचा खरा वैरी म्हणशील तर लोहचुंबक. पूर्वीच्या काळ्या चुंबकात फारसा दम नव्हता. आताच्या खेळण्यांतल्या पाच मिलीमीटरच्या चकचकीत गोळ्या निओडिमियमच्या असतात आणि त्यांची ओढ भयंकर. एक गोळी गेली तर बहुधा निघून जाते. दोन गेल्या, त्याही वेगवेगळ्या वेळी, तर एक आतड्याच्या एका वेटोळ्यात आणि दुसरी शेजारच्या वेटोळ्यात पोचते, मग त्या भिंतींतून एकमेकींना धरतात. मधलं आतडं चिमट्यात सापडल्यासारखं दाबलं जातं, तिथलं रक्त बंद होतं, भाग कुजतो, छिद्र पडतं, कधी दोन वेटोळ्यांत आरपार वाट तयार होते, कधी सगळ्या आतड्याला पीळ बसतो. आणि सुरुवातीला मूल फक्त थोडं ओकतं. घरचे म्हणतात, बाहेरचं खाल्लं असेल. एका मुलाने मला नंतर सांगितलं की मोठ्या मुलीसारखी जिभेवर चमकी लावून बघायची होती, म्हणून त्याने एक गोळी जिभेवर आणि एक जिभेखाली धरली होती. मोठी मुलंही हे करतात, त्यामुळे दहा-बारा वर्षांच्या भाच्यांनाही सांग. एक्स-रेत चिकटलेल्या दोन गोळ्या एकच दिसू शकतात, म्हणून बाजूने दुसरा फोटो घेतात. एकाहून जास्त चुंबक, किंवा एक चुंबक आणि एखादी लोखंडी वस्तू, असं काहीही गेलं असेल तर लक्षण नसतानाही त्याच दिवशी जायचं. घरात लहान मूल असेपर्यंत असली खेळणी आणूच नकोस. कोणी भेट दिली तर रागाची पर्वा न करता परत कर.

कुंडीत आणि फुलदाणीत घालतात ते रंगीत जेलीचे मणी याच जातीतले फसवे. कोरडे असताना मोहरीएवढे, पाण्यात पडले की गोटीएवढे आणि मोठे. पोटातही पाणी आहेच. आतड्यात फुगून ते वाट बुजवतात आणि एक्स-रेत दिसत नाहीत. मूल सारखं ओकतंय, पोट फुगलंय आणि घरात असे मणी आहेत, तर ते डॉक्टरांनी न विचारताही त्यांना सांग, नाहीतर त्यांना ते सुचायचंही नाही.

टाचण्या आणि सेफ्टी पिना आपल्या बायकांच्या ओठांत असतात. निऱ्या घालताना दोन्ही हात गुंतलेले, म्हणून पिन दातांत धरायची आणि त्याच वेळी कोणाला तरी हाक मारायची. शिंपी टाचण्या धरतात, सुतार चुका धरतात. ही सवय आजपासून सोड. मनगटावर बांधायची टाचण्यांची उशी मिळते, ती आण. बाळाच्या झबल्याला दृष्टीसाठी पिन लावू नकोस, काळे मणी दोऱ्यात ओवायचेच असतील तर दोरा दर आठवड्याला ओढून बघ. बोरन्हाणात बोरं, भुईमूग, हलवा, उसाचे करवे मुलांच्या डोक्यावर ओततात आणि सगळी लहान पोरं त्यावर तुटून पडतात. तिथे तीन वर्षांखालच्या मुलांमागे एकेक मोठं माणूस बसव, दाणे आणि चिल्लर त्यात टाकूच नको. अंगठा आणि तर्जनी जुळवून कडं कर. त्यातून जे आरपार जाईल ते रांगत्या बाळाच्या वाटेत नको.

आता मोठ्या माणसांकडे येते, कारण आतड्याला छिद्र पडून आलेले आमच्याकडचे बरेच जण मोठेच असत, आणि कोकणात राहून माशाच्या काट्याबद्दल बोलल्याशिवाय मला राहवणार नाही.

काटा घशात लागला की आपल्याकडे कोरड्या भाताचा गोळा न चावता गिळायला सांगतात, नाहीतर अख्खं केळं. त्याने सैल काटा कधी जातोही. पण रुतलेला काटा अजून खोल जातो, आडवा होतो किंवा तुटतो. घासाने रेटायचं नाही. खोकून बघ, आरशासमोर विजेरी धरून तोंड उघडून बघ. काटा अगदी समोर दिसत असेल तरच चिमट्याने काढायचा, बोटं घशात घालायची नाहीत. टोचणं राहिलं तर नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जायचं. सुश्रुतानेसुद्धा घशात आडवं बसलेलं हाड खाली ढकलायला सांगितलेलं नाही. केसांचा गुंडा लांब दोऱ्याला बांधून पेयाबरोबर गिळायला द्यायचा आणि ओकारी आली की दोरा ओढून हाड वर काढायचं, असं त्याने लिहिलंय. तू हे घरी करू नकोस. पण रोख बघ, वर काढण्याचा आहे.

घशातून उतरलेले बहुतेक काटे पचनात विरघळतात किंवा निघून जातात. जो राहतो तो आठवड्याने, महिन्यानेही उपद्रव देतो, तेव्हा मासे खाल्ल्याची आठवणही राहिलेली नसते. उजव्या कुशीत दुखतं, बारीक ताप येतो. कधी काटा जठराची भिंत पार करून यकृतात शिरतो आणि तिथे गळू होतं. कधी सगळी वाट सुखरूप ओलांडून अगदी शेवटी गुदद्वाराशी आडवा बसतो. शी करताना सुरी फिरल्यासारखं होतं, दोन दिवसांत बाजूला गळू धरतं आणि माणूस मूळव्याध समजून मलम लावत बसतो. माशाचा काटा साध्या एक्स-रेत बहुधा दिसत नाही, सीटी स्कॅनमध्ये दिसतो. म्हणून पोटदुखीला डॉक्टरांकडे जाताना गेल्या महिन्यात काय काय खाल्लं ते आठवून जा.

काटे कोणाला जास्त लागतात माहीत आहे? कवळी लावणाऱ्यांना. टाळूवर प्लास्टिकचा पत्रा बसतो आणि घासात काय आहे हे टाळूला कळेनासं होतं. तुझ्या सासऱ्यांना तारल्या, भिंग, असे बारीक काट्यांचे मासे वाढू नकोस. सुरमईची तुकडी, मुडदुशी द्या, तीही मधला काटा काढून, उजेडात, टीव्ही बंद करून. त्यांना वाईट वाटेल, मासे निवडून देणं म्हणजे लहान मूल समजणं असं वाटेल. तू सगळ्यांच्याच ताटात निवडलेलं वाढ, म्हणजे वेगळं दिसणार नाही.

कवळीही गिळली जाते. सैल झालेली असते, तारेने अडकवलेली एका-दोन दातांची असते, झोपेत निसटते. तिच्या तारा आतड्यात रुततात आणि तिचं गुलाबी प्लास्टिक एक्स-रेत दिसत नाही. रात्री कवळी वाटीत पाण्यात ठेवायची, झोपेत तोंडात नको. सकाळी वाटी रिकामी दिसली तर ‘कुठेतरी पडली असेल’ म्हणून नवीन करायला टाकू नका. आधी तिचा माग काढा.

आणखी एक, जे फार कमी घरांत ठाऊक असतं. आपण आजी-आजोबांना सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या काढून देताना कात्रीने स्ट्रिपचा एकेक चौकोन कापून डबीत ठेवतो. डोळ्यांना कमी दिसतं, टीव्ही लागलेला असतो, आणि तो चौकोन चकाकत्या वेष्टनासकट पाण्याबरोबर जातो. त्याचे चार कोपरे धारदार असतात. लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला ते कापतात आणि माणूस शपथेवर सांगतो की मी काही गिळलेलं नाही. स्ट्रिप कापायची नाही. गोळी बाहेर काढून, वाटीत घालून, समोर बसून द्यायची.

हॉटेलातल्या कबाबात, सँडविचात आणि आता पानाच्या विड्यातही लाकडी टूथपिक टोचलेली असते. पूर्वी विड्याला लवंग टोचत, ती चावून खाता यायची. टूथपिक लाकडाची, दोन्ही टोकांना अणकुचीदार, न पचणारी आणि एक्स-रेला न दिसणारी. तिने आतडं फोडलेल्या पुष्कळांना ती गिळल्याचं आठवतच नाही. विडा तोंडात टाकण्याआधी उघडून बघायचा. मिठाईच्या खोक्याला आणि पार्सलच्या पिशवीला मारलेली स्टेपलरची पिन, भांडी घासायच्या तारेच्या चोथ्याचा सुटलेला तुकडा, हेही असंच अन्नात येतं. ज्या पातेल्यात शिजवायचं ते तारेने घासू नकोस, काथ्या वापर.

एका गोष्टीवर घरात उघडपणे बोलत नाहीत, म्हणून मी बोलते. काही मुली केस बोटाला गुंडाळतात, तोडतात आणि खातात. केस पचत नाही. वर्षानुवर्षं जठरात गुंडा साठतो, कधी त्याची शेपूट लहान आतड्यात उतरते. पोरगी जेवत नाही, थोडं खाल्लं तरी पोट भरलं म्हणते, वजन उतरतं, डोक्यावर एका जागी केस विरळ दिसतात आणि वरच्या पोटाला कडक गोळा लागतो. ऑपरेशनने गुंडा निघतो, सवय निघत नाही. त्या मुलीला ओरडू नये, मनाच्या डॉक्टरांकडे न्यावं आणि रक्तातलं लोह तपासावं. पाटीवरची पेन्सिल, माती, भिंतीचा चुना खाणाऱ्या मुलांचंही लोह बघायचं.

केळ्यांचं काय, असं तू विचारशीलच. नाणं गिळलं की डझनभर केळी चारणारी घरं मी पाहिली आहेत. एक्स-रेने वस्तू जठराच्या खाली आणि बोथट आहे असं ठरलं, तर मुलाने रोजचं जेवण जेवावं, त्यात एखादं केळं असलं तर बिघडत नाही. पण एक्स-रेच्या आधी तोंडात काही घालू नकोस. सेलसाठी वाटेतला मध तेवढा सोडला तर पाण्याचा घोटही डॉक्टरांना विचारून. भरल्या पोटी भूल देता येत नाही आणि दुर्बिणीला सहा-सहा तास उशीर होतो. मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायची नाही. खाली गेलेली अणकुचीदार वस्तू परत वर येताना दुसरीकडे रुतते. एरंडेल किंवा जुलाबाची गोळी द्यायची नाही. आतडं त्याच्या चालीने वस्तू पुढे नेतं आणि पुष्कळदा टोकदार बाजू मागे ठेवून नेतं. जुलाबाने ती चाल बिघडते.

डॉक्टरांनी घरी पाठवलं तर रोजची शी भांड्यात धरायची, जुन्या गाळण्यात पाणी ओतून बघायची. किळस वाटेल, पण वस्तू हातात आल्याशिवाय ‘गेली’ म्हणायचं नाही. साधारण चार ते सहा दिवस लागतात, कधी तीन-चार आठवडेही. टोकदार वस्तूसाठी डॉक्टर रोज फोटो घेतील. ती तीन दिवस एकाच जागी दिसली तर काढायचा विचार करतात. या काळात हिरवी उलटी झाली, पोट फुगलं, वारा सरेनासा झाला, ताप आला, शी काळी किंवा रक्ताची झाली, मूल पोटाला हात लावू देईना, तर त्याच पावली उठायचं. दुखणं एकदम ओसरलं आणि मूल निपचित पडून राहिलं तर ‘बरं वाटतंय’ असं समजू नकोस. छिद्र पडल्यावर कधी कधी काही तास असा फसवा उतार पडतो. पोटदुखीची गोळी देऊन रात्र ढकलायची नाही.

ऑपरेशन झालंच तर घाबरवणारे शब्द कानावर पडतील, म्हणून आधीच सांगते. छिद्र लहान आणि पोट स्वच्छ असेल तर टाके घालून बंद करतात. आतडं काळं पडलं असेल तर तेवढा तुकडा कापून दोन टोकं जोडतात. पोटात पू आणि मळ पसरला असेल तर काही काळ आतड्याचं तोंड पोटावर काढून पिशवी लावतात. ती बहुतेकांची काही महिन्यांनी बंद होते. पिशवीची निगा वॉर्डातल्या सिस्टर शिकवतात. दोघांनी शिका, एकट्या आईवर टाकू नका. डिस्चार्जचा कागद आणि सगळे फोटो एका फाइलमध्ये ठेव, मूल मोठं झालं तरी टाकू नकोस. एकदा उघडलेल्या पोटात आतडी एकमेकांना चिकटू शकतात, आणि अशा माणसाला पुढे कधी बोरांच्या आठळ्या, चिंचोके किंवा न चावलेल्या चोथ्याने अडथळा झाला, तर नव्या डॉक्टरांना पहिल्या पाच मिनिटांत तो कागद लागतो.